पोस्तॉयनाच्या भूगर्भात उतरण्यापूर्वी

ऑस्ट्रियाचा सम्राट पहिला फ्रान्सिस पोस्तॉयना गावाजवळची गुहा पाहावयास येणार, ही वार्ता १८१८ च्या वसंतात गावात पोहोचली आणि सर्वत्र धांदल उडाली. गुहेचा दर्शनी भाग लोकांना फार पूर्वीपासून ठाऊक होता. तेराव्या शतकापासून तेथे येऊन गेलेल्यांच्या सह्या भिंतींवर आढळतात. सम्राटाच्या स्वागतार्थ आत दिवे लावण्याचे काम चालू असता लुका चेच नावाचा एक स्थानिक कामकरी कड्यावर चढला आणि अंधारात दिसेनासा झाला. परतला तो एका नव्याच जगाची बातमी घेऊन. आज ज्या दालनांसाठी जगभरचे प्रवासी पोस्तॉयनाला येतात, त्यांचा शोध असा एका पाहुण्याच्या भेटीच्या पूर्वतयारीतून लागला. पुढच्याच वर्षी, १८१९ मध्ये, गुहा प्रवाशांसाठी रीतसर खुली झाली.

स्लोव्हेनिया हा इटली, ऑस्ट्रिया, हंगेरी आणि क्रोएशिया यांच्यामध्ये वसलेला चिमुकला देश. त्याची राजधानी ल्युब्लियाना. तेथून नैर्ऋत्येस सुमारे पन्नास किलोमीटरवर पोस्तॉयना आहे. उन्हाळी सुटीत व्हेनिसपर्यंत जाणाऱ्या कुटुंबांना थोडी वाट वाकडी केली की ही गुहा पाहता येते. परंतु ‘वाटेत आहे, तर पाहून टाकू’ या वृत्तीने तेथे जाणाऱ्यांच्या पदरी बहुधा थंडीने कुडकुडणे आणि रांगेत ताटकळणेच येते.

महाराष्ट्रातील वाचकाच्या मनात गुहा म्हटली की प्रथम लेणे उभे राहते. वेरूळचे जैन लेणीसमूह असोत वा धाराशिवची लेणी, ती काळ्या अग्निजन्य खडकात छिन्नीने कोरलेली आहेत. त्यांमागे माणसाचा हात आहे, दात्याचे द्रव्य आहे, श्रद्धा आहे. पोस्तॉयनाची गुहा मात्र चुनखडीची असून ती पाण्याने घडविली. पावसाचे पाणी मातीतून झिरपताना तेथील कार्बन डायऑक्साइड शोषून घेते व किंचित आम्लधर्मी होते. असे पाणी चुनखडी विरघळवीत खाली उतरते. गुहेच्या मोकळ्या हवेत पोहोचताच त्यातील वायू निसटतो आणि विरघळलेला चुना थेंबागणिक पुन्हा दगड होऊन बसतो. छतापासून खाली लोंबणारे ते अधोमुखी लवणस्तंभ व जमिनीतून वर चढणारे ते ऊर्ध्वमुखी लवणस्तंभ. पाठ्यपुस्तकांनी दिलेले हे नाव फसवे आहे. खाण्याच्या मिठाचा त्यात कणही नसतो. या स्तंभांची वाढ जागोजागी निरनिराळी असते. मात्र एका मिलिमीटरला दहा वर्षे हा स्थूल हिशेब मनात ठेवला, तर हातभर स्तंभाकडे पाहण्याची दृष्टीच बदलते. पेढीवरचा जुन्यात जुना खातेवही-संग्रह काढला, तरी त्याच्या आरंभापासून आजवर असा स्तंभ दोन-तीन बोटे वाढलेला नसतो.

मोजमाप झालेली गुहा चोवीस किलोमीटरहून अधिक लांब आहे. प्रवाशांना तिच्यातील सुमारे पाच किलोमीटरचा मार्ग दाखवितात. त्यातील दीड किलोमीटर पायी चालावयाचे असते, उर्वरित अंतर एका लहानशा उघड्या आगगाडीतून जावयाचे. ही गाडीच गुहेची मोठी मौज होय. १८७२ मध्ये रूळ घातले गेले तेव्हा वाटाडे स्वतः प्रवाशांचे डबे ढकलत नेत. इंजिने विसाव्या शतकात आली. विजेचे दिवे १८८४ मध्येच गुहेत लागले, त्या काळी राजधानीच्या रस्त्यांनाही ते भाग्य लाभले नव्हते. १८९९ मध्ये गुहेच्या आत टपाल कार्यालय सुरू झाले आणि येणारा प्रत्येक जण तेथूनच घरी पत्र धाडू लागला. पर्यटनाचा व्यवसाय कसा उभा करावा, याचा वस्तुपाठ व्यापारी घराण्यांनी येथे अवश्य पाहावा.

संपूर्ण फेरीस सुमारे दीड तास लागतो. प्रवेश ठराविक वेळांनाच, गटागटाने व मार्गदर्शकासह मिळतो. उन्हाळ्यात फेऱ्या पुष्कळ असतात, हिवाळ्यात मोजक्या. तिकिटावर वेळ छापलेली असते आणि ती वेळ चुकली की गाडी थांबत नाही. म्हणून तिकीट घरूनच, संगणकावरून काढून ठेवावे. व्हेनिसहून त्याच दिवशी निघणाऱ्यांनी सकाळची पहिली वेळ घेऊ नये. बारा-पंधरा जणांचे कुटुंब गाडीतून उतरून प्रवेशद्वाराशी एकत्र जमेपर्यंत किती अवधी जातो, हे ज्याने एकदा तरी सहकुटुंब यात्रा केली आहे त्यास सांगणे नलगे!

गुहेत बाराही महिने सुमारे दहा अंश तापमान असते. बाहेर जुलैचे ऊन तीस अंशांवर तापले असले, तरी आत तीच थंडी. हवा अत्यंत दमट आणि गाडी वेगात असताना वारा थेट अंगावर येतो. मुंबई-पुण्याच्या माणसास दहा अंश हा आकडा कागदावर सौम्य वाटतो; दीड तास त्यात काढणे निराळे. ज्येष्ठांसाठी कानटोपी, बंद गळ्याचा स्वेटर व त्यावर वारा अडविणारे जाकीट, हे सामान मुख्य बॅगेत तळाशी न टाकता हातातल्या पिशवीत असावे. पादत्राणांचे तळवे घसरणारे नसावेत, कारण वाट बांधलेली असली तरी ओलसर असते. गाडी कित्येक ठिकाणी खडकाला अगदी खेटून जाते. तेव्हा बालकांचे हात आत ठेवण्याची जबाबदारी कोणावर, हे बसण्यापूर्वीच ठरवावे. तान्ह्या मुलास ढकलगाडीपेक्षा अंगाशी बांधून घेणे सोयीचे पडते.

आजी-आजोबांना न्यावे की न न्यावे, हा प्रश्न बहुतेक घरांत शेवटच्या क्षणी, आणि तोही त्यांच्या समोरच निघतो. तो आधी, शांतपणे सोडवावा. पायी चालण्याचा भाग सोपा आहे खरा, परंतु ‘मोठा डोंगर’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कोसळलेल्या शिळांच्या टेकाडावरील चढ-उतार गुडघ्यांची परीक्षा पाहतो. रोज मंदिरापर्यंत पायी जाणारी आजी तो सहज चढेल. दोन मजले चढताना जिला थांबावे लागते तिने काय करावे, ते वैद्यांना विचारून ठरवावे. चाकाच्या खुर्चीची आवश्यकता असल्यास व्यवस्थापनास आगाऊ लिहून उत्तर मिळवावे. दालने प्रशस्त असल्याने कोंडल्यासारखे सहसा वाटत नाही. ज्याला ‘संगीतगृह’ म्हणतात त्या दालनात दहा हजार माणसे मावतात असे सांगतात व तेथे वाद्यवृंदांचे कार्यक्रमही होतात.

आहाराचा विचार सर्वांत आधी करावयास हवा. गुहेत खाणे-पिणे वर्ज्य आहे, त्यामुळे प्रश्न आधीच्या व नंतरच्या भोजनाचा. स्लोव्हेनियाचे स्थानिक पदार्थ पाहता बटाटा व कांदा पदोपदी भेटतात. ‘योता’ हे कळण आंबवलेली कोबी, घेवडा व बटाटा यांचे असते आणि बहुधा त्यात मांस पडते. ‘झ्गान्त्सी’ हा कुट्टूच्या पिठाचा उकडीसारखा पदार्थ नावाने निरुपद्रवी भासतो, पण परंपरेने त्यावर चरबीचे तळलेले तुकडे घालतात. ताज्या चीजच्या सारणाचे ‘श्त्रुक्ली’ शाकाहारी म्हणून पुढे येतात, तेव्हा कणकेत अंडे आहे का, हे विचारावेच लागते. हा देश मधमाशीपालनासाठी प्रसिद्ध असल्याने मिठाईत मध सर्रास असतो; ‘पोतित्सा’ ही अक्रोडाची गुंडाळीदार पोळी विकत घेण्यापूर्वी तीही चौकशी करावी. ‘शाकाहारी’ एवढ्या एका शब्दावर विसंबू नये. मांस, मासे, अंडी, मध, कांदा, लसूण, बटाटा, गाजर या नावांची यादी स्लोव्हेनियन भाषेत एका कागदावर लिहून घ्यावी व ती सरळ स्वयंपाक्याच्या हाती द्यावी.

त्याहून उत्तम म्हणजे स्वयंपाकघर असलेली निवासाची जागा घेणे. खाकरा, कोरडी चटणी, मुगाची डाळ, तांदूळ बरोबर असले की अर्धी चिंता मिटते. येथे एक गोष्ट अनेकांच्या लक्षात येत नाही. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशास दुग्धजन्य पदार्थ सामानात आणण्यास मनाई आहे. पेढे, बर्फी, घरचे तूप विमानतळावर काढून घेतले जाऊ शकते. तान्ह्या मुलांच्या दुधाच्या भुकटीस काही मर्यादेत सवलत मिळते, आजीच्या हातच्या तुपास नाही. लोणी व दूध तेथे उत्तम मिळते. तूप तेथेच कढवावे.

सूर्यास्तापूर्वी भोजन करणाऱ्यांसाठी ऋतूची निवड महत्त्वाची ठरते. जूनमध्ये तेथे सूर्य रात्री नऊच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारची फेरी करूनही भोजन निवांत होते. डिसेंबरात मात्र साडेचार वाजण्याआधीच सूर्यास्त होतो. नाताळच्या सुटीत दुपारी तीनची फेरी घेतली, तर बाहेर येताना अंधार असतो आणि चौविहाराचे कुटुंब उपाशी राहते. हिवाळ्यात सकाळचीच वेळ घ्यावी. चातुर्मासात लांबचा प्रवास टाळणाऱ्यांना मे व जून हे महिने सर्व दृष्टींनी सोयीचे आहेत. ऑगस्टची गर्दी आपोआपच टळते.

प्रवासपरवान्याविषयी थोडक्यात. स्लोव्हेनिया शेंगेन क्षेत्रात आहे. अर्ज त्या देशाकडे करावयाचा जेथे मुक्काम सर्वाधिक दिवसांचा असेल. इटलीत सहा दिवस व स्लोव्हेनियात दोन, तर अर्ज इटलीकडे. तो प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो व किमान पंधरा दिवस आधी करावाच लागतो. क्रोएशियाही १ जानेवारी २०२३ पासून याच क्षेत्रात आल्यामुळे, पुढे प्लिट्विसची सरोवरे पाहून पुन्हा परतावयाचे असल्यास पूर्वीसारखा अनेक प्रवेशांचा घोळ उरलेला नाही. जुनी माहितीपुस्तके अजून तोच सल्ला देतात.

इतकी सिद्धता झाल्यावर गुहेत काय पाहावे, याकडे वळता येईल. गुहेचे मानचिन्ह म्हणजे ‘ब्रिलियंट’ नावाचा पाच मीटर उंचीचा शुभ्र स्तंभ. शुद्ध कॅल्साइट पांढरे असते, लोहाचा अंश आला की तांबूस छटा येते. एका दालनाचे छत शेवयांसारख्या बारीक नळ्यांनी भरलेले आहे. वाटेत एक पूल लागतो, त्यास ‘रशियन पूल’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात पकडलेल्या रशियन युद्धकैद्यांकडून तो बांधून घेतला गेला. प्रवासी त्यावर छायाचित्रे काढतात, पण मार्गदर्शक हे नाव उच्चारतो तेव्हा क्षणभर थांबून ऐकणारे थोडे.

प्रवेशाजवळच्या भिंती मात्र काळ्या आहेत, आणि बहुतेक जण तो दगडाचाच रंग समजतात. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैन्याने गुहेच्या तोंडाशी इंधनाचा मोठा साठा केला होता. एप्रिल १९४४ मध्ये स्वातंत्र्यसैनिकांनी तो पेटवून दिला. आग कित्येक दिवस धुमसत राहिली. त्या धुराची काजळी ऐंशी वर्षांनंतरही तशीच आहे, कारण आत ऊन नाही, पाऊस नाही, वारा धुऊन नेत नाही. तेराव्या शतकातील सही टिकली ती याच कारणाने. आपल्याकडे गडाच्या तटावर नाव कोरणारा निदान पावसाच्या भरवशावर असतो. येथे तसला भरवसा नाही. स्तंभास बोट लावले तर त्वचेवरील तेलाचा थर दगडावर बसतो, पुढचा थेंब तेथे धरत नाही आणि वाढ खुंटते. अखंड प्रकाशाने दिव्यांभोवती हिरवे शेवाळ उगवते. स्पर्श व झगमगाटी प्रकाशाच्या छायाचित्रणास असलेली मनाई ही व्यवस्थापनाची हौस नव्हे, ही गोष्ट मुलांना घरीच, नकाशा पसरून समजावून द्यावी. रुळांवर गाडी धावत असताना ती समजावता येत नाही.

या गुहेचा खरा रहिवासी प्रोटियस हा उभयचर प्राणी होय. बोटाएवढा जाड, वीतभर किंवा त्याहून थोडा लांब, फिकट गुलाबी वर्णाचा. डोळे त्वचेखाली झाकलेले, मानेशी लाल कल्ले. त्याच्या कातडीच्या रंगावरून स्थानिक लोक त्यास ‘मानवमासा’ म्हणतात. सतराव्या शतकात पुराबरोबर हे जीव बाहेर वाहून आले, की ती भूगर्भातील अजगरराक्षसाची पिल्ले असे लोक समजत; वाल्वासोर या विद्वानाने १६८९ च्या आपल्या ग्रंथात ही समजूत नोंदवून ठेवली आहे. हा जीव अन्नाविना अनेक वर्षे काढू शकतो आणि त्याचे आयुष्य शंभर वर्षांपर्यंत जाऊ शकते, असे अभ्यासक मानतात. त्याची वीण क्वचितच पाहावयास मिळते. ३० जानेवारी २०१६ रोजी गुहेतील काचपात्रात एक अंडे दिसले, पुढील काही आठवड्यांत ती संख्या चौसष्टवर गेली. चार महिन्यांनी, मेच्या अखेरीस, पहिले पिल्लू बाहेर आले. अखेर सुमारे वीस पिल्ले जगली. त्या काळात त्या मादीभोवती प्रकाश पोहोचू नये म्हणून आडोसे लावले गेले होते. प्रवासी येत राहिले, गाडी चालू राहिली, पण तो कोपरा अंधारात ठेवला गेला. आजही तेथील काचपात्रापाशी उभे राहताना आवाज खाली ठेवावा व दूरध्वनीचा दिवा मालवावा.

ज्या पाण्यावर हा जीव जगतो ते पाणी कोठून कोठे जाते, हेही जाणून घेण्याजोगे आहे. पिवका नदी गुहेच्या मुखाशीच जमिनीत शिरते. आत रक नदीशी तिची गाठ पडते व प्लानिना येथे ती ‘उनित्सा’ या नावाने बाहेर येते, पुन्हा लुप्त होते आणि शेवटी ‘ल्युब्लियानित्सा’ होऊन राजधानीच्या मधोमध वाहते. सात नावांची नदी अशी तिची ख्याती आहे. चुनखडीच्या या प्रदेशात एके ठिकाणी जमिनीत गाडलेली वस्तू भलत्याच ठिकाणी झऱ्यातून वर येते. देशाच्या आग्नेय भागातील क्रुपा नदीच्या उगमात १९८० च्या दशकात पीसीबी नावाचे घातक रसायन आढळले. त्या परिसरात कपॅसिटर बनविणाऱ्या एका कारखान्याने आपला टाकाऊ माल जवळपासच्या खड्ड्यांत टाकला होता. तो खाली झिरपून झऱ्यात आला होता. तेथील प्रोटियसच्या शरीरात ते रसायन फार मोठ्या प्रमाणात सापडले, आणि कारखान्याने ते वापरणे बंद केल्यावरही दशके लोटली तरी पाणी पूर्ण निवळलेले नाही. ज्यांच्या घरात रंगाचा, औषधाचा वा विजेच्या सामानाचा कारखाना आहे, अशा वाचकांनी पोस्तॉयनाच्या ओघात क्रुपाची ही हकीकत मुलांना जरूर सांगावी.

गुहेनंतर उरलेल्या दिवसात नऊ किलोमीटरवरील प्रेदयामाचा किल्ला पाहावा. प्रचंड कड्याच्या पोटातील गुहेच्या तोंडावर तो बांधलेला आहे. पंधराव्या शतकात एराझेम नावाच्या बंडखोर सरदारास येथे वेढा पडला असता तो मागील गुप्त भुयारातून रसद आणी व वेढा घालणाऱ्यांस ताजी चेरी खाली फेकून खिजवी, अशी दंतकथा आहे. मुले यात रमतात. किल्ल्यात जिने बरेच आहेत. ज्येष्ठांनी समोरच्या कठड्यावरून पाहिला तरी पुष्कळ. श्कोत्स्यानच्या गुहांचा मोह मात्र त्याच दिवशी आवरावा. युनेस्कोने १९८६ मध्ये जागतिक वारसा म्हणून मान्य केलेल्या त्या गुहांत नदीच्या घळीवरचा पूल अंगावर काटा आणतो. पण तेथे आगगाडी नाही, शेकडो पायऱ्या आहेत, आणि त्यासाठी वेगळा दिवस व धडधाकट पाय हवेत. घरातील तरुणांना हाती एकच दिवस असेल व ज्येष्ठ बरोबर नसतील, तर त्यांनी पोस्तॉयना सोडून श्कोत्स्यानच निवडावे, हेही स्पष्ट सांगितले पाहिजे.

परदेशप्रवास यंदा जमणार नसेल, तर आंध्र प्रदेशात चुनखडीच्या दोन प्रसिद्ध गुहा आहेत: अराकू खोऱ्याजवळची बोर्रा आणि नंद्याल जिल्ह्यातील बेलम. बेलमची गुहा तीन किलोमीटरहून अधिक लांब असून तिचा सुमारे दीड किलोमीटर भाग पाहता येतो. तेथे स्वेटरची नव्हे, पाण्याच्या बाटलीची व सुती कपड्यांची गरज पडते, कारण आत उकाडा फार असतो. मे महिना टाळून पौष-माघात जावे.